गडवाटांचा वाटाड्या

डोंगरात राहणाऱ्या माणसाला वाटाड्या कोण, हे सांगावे लागत नाही. परगावचा माणूस रानात शिरला, की गावातला एखादा जाणता माणूस त्याच्या पुढे होतो. त्याच्या हातात काठी असते. कमरेला कोयता असतो. तो चालता चालता सांगतो, "इथनं उजवीकडं वळा. तिकडं कडा हाय."

असा वाटाड्या एका वेळी चारदोन माणसांना वाट दाखवतो. पण आपल्या महाराष्ट्रात एक वाटाड्या असा होऊन गेला, की त्याने कधी न भेटलेल्या माणसांनाही वाट दाखवली. ती त्याने पुस्तके लिहून दाखवली. त्यांचे नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचक त्यांना गोनीदा म्हणत. जवळची माणसे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी गडकिल्ल्यांवर पुस्तके लिहिली आणि कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

पण त्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगतो. ती ऐकलीत, म्हणजे गोनीदांनी काय मोलाचे काम केले, ते लगेच ध्यानात येईल.

पाण्याचे टाके हरवले

आम्ही एका लहान गावी शाळेत होतो. गावाच्या डोक्यावर एक जुना किल्ला होता. मार्गशीर्ष महिन्यात आम्ही मुलांना घेऊन वर गेलो. वर चार टाकी होती. टाके म्हणजे कातळात खोदलेला हौद. मुले पाण्याकडे धावली. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले धनगरवाड्यातले म्हातारबाबा ओरडले, "गुर्जी, ते पानी पोरांना देऊ नगा. त्यात गुरं बसत्यात. मागल्या अंगाला दुसरं टाकं हाय."

त्यांनी निवडुंगाच्या जाळीमागे नेले. तिथे कड्याच्या पोटात एक टाके होते. पाणी थंडगार आणि निवळशंख. मुले पोटभर प्याली. आम्ही म्हातारबाबांचे आभार मानले आणि खाली आलो.

दोन वर्षांनी माघ महिन्यात आम्ही पुन्हा मुलांना घेऊन वर गेलो. मधल्या काळात म्हातारबाबा वारले होते. आम्हाला वाटले, टाके आपल्या लक्षात आहे. पण निवडुंग वाढला होता आणि खुणा मोडल्या होत्या. दीड तास शोधूनही टाके सापडले नाही. चाळीस मुले तहानेने व्याकूळ झाली. एक मुलगी भोवळ येऊन पडली. तिला पाठीवर घेऊन आम्ही गड उतरलो. खाली पाणी मिळाले, सावली मिळाली आणि पोर सावरली. पण आमच्या काळजाचे पाणी झाले होते.

दोष कोणाचा? आमचाच. पहिल्या खेपेला आमच्या खिशात पेन्सिल होती आणि वहीसुद्धा होती. दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर ही वेळ आली नसती. म्हातारबाबांना लिहिता येत नव्हते. आम्हाला येत होते आणि आम्ही लिहिले नाही.

गोनीदांनी मात्र लिहिले.

शाळा सुटली, शिकणे सुटले नाही

गोनीदांचा जन्म 8 जुलै 1916 रोजी परतवाडा येथे झाला. हे गाव विदर्भात, अमरावती जिल्ह्यात आहे. गावाच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत आणि मेळघाटाचे रान आहे.

तो इंग्रजांच्या राज्याचा काळ होता. देशात स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती. गोपाळ बारा-तेरा वर्षांचा होता आणि इयत्ता सातवीत होता. त्याने शाळा सोडली, घर सोडले आणि तो चळवळीत पडला. तिथून त्यांची पायपीट सुरू झाली.

शाळा सोडली ते चांगले केले, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. मुलांनी शाळा सोडू नये, असेच आम्ही सांगत आलो. पण एक गोष्ट खरी. शाळा सुटली तरी त्यांनी शिकणे सोडले नाही. जिथे जे मिळेल, ते शिकत गेले.

पुढे त्यांची गाठ गाडगे महाराजांशी पडली. गाडगेबाबा तुम्हाला ठाऊक आहेतच. हातात खराटा आणि अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे. बाबांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते. पण जेवणाचे ताट विका आणि पोरांना शिकवा, असे ते लोकांना बजावत. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले. त्यांच्या सहवासात गोनीदा काही काळ राहिले आणि त्यांचे विचार लोकांपर्यंत पोचवण्याचे काम त्यांनी केले. बाबांचे चरित्रही त्यांनी पुढे लिहिले. साधी बोली माणसाच्या मनाला कशी भिडते, याचा बाबांपेक्षा मोठा धडा कुठे मिळणार?

गोनीदांनी ज्ञानेश्वरीचा अभ्यास केला. वेदान्ताचाही केला. मग ते नर्मदेच्या काठाने पायी निघाले. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचजवळ समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे 1,300 किलोमीटर आहे. परिक्रमा करणारा माणूस नदी नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवतो. एका काठाने जातो आणि दुसऱ्या काठाने परत येतो. मध्ये नदी ओलांडायची नाही, असा नेम आहे. वाटेत कोणी देईल ते खायचे आणि मिळेल तिथे पडायचे. या प्रवासावर त्यांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' हे पुस्तक लिहिले. भ्रमण म्हणजे हिंडणे.

1947 साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी गोनीदांनी ठरवले, की आता लेखणीवरच पोट भरायचे. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे त्यांनी बिऱ्हाड केले. नोकरी नाही, पगार नाही. पुस्तक लिहावे, ते छापले जावे आणि त्यावर घर चालावे. शेतकऱ्याचे जसे पावसावर, तसे लेखकाचे वाचकावर. पण त्यांनी हा मार्ग सोडला नाही.

गडांची ओढ

तळेगाव मावळात आहे. आजूबाजूला किल्लेच किल्ले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ही नावे तिथल्या पोरांनाही पाठ. जरा पुढे लोणावळ्याच्या बाजूला राजमाची. दक्षिणेला राजगड आणि तोरणा. घाटाखाली रायगड. गोनीदा या गडांवर पुन्हा पुन्हा जाऊ लागले. एकटे जात आणि तरुण मंडळींना बरोबर घेऊनही जात. गडांची छायाचित्रे काढण्याचा त्यांना मोठा नाद होता. त्या चित्रांचेही पुस्तक निघाले आहे.

गड पाहायला जावे, असे त्या काळी फार थोड्यांना वाटे. 1818 साली मराठ्यांचे राज्य गेले. इंग्रजांनी पुष्कळ किल्ल्यांचे दरवाजे पाडले आणि वाटा तोफांनी उडवल्या. गडावरचे हवालदार, सबनीस, कारखानीस यांचे काम संपले. पहारेकऱ्यांच्या वतनाला अर्थ उरला नाही. वर रान माजले. गडाची माहिती उरली ती पायथ्याच्या माणसांजवळ. गुराख्याला वाट ठाऊक. धनगराला पाणी ठाऊक. ठाकराला मध ठाऊक. पण ही माहिती तोंडी होती. म्हातारा माणूस गेला, की त्याच्याबरोबर तीही जाई.

गोनीदांनी ही माहिती पुस्तकांत आणली. 'दुर्गदर्शन', 'किल्ले', 'दुर्गभ्रमणगाथा', 'शिवतीर्थ रायगड' ही त्यांची किल्ल्यांवरची पुस्तके आहेत. दुर्ग म्हणजे किल्ला. ही पुस्तके वाचून शहरातली पुष्कळ मुले पाठीवर पिशवी टाकून गडांकडे निघाली.

वाट कागदावर कशी येते?

वाट सांगणे सोपे वाटते. लिहू लागले, की अवघड जाते. बोलताना आपण हात दाखवतो. "हे असं वर जायचं," म्हणतो. कागदाला हात नसतो. मग काय करावे?

आधी पायथ्याचे गाव सांगावे. मग वाट कोणत्या दिशेला लागते, ते सांगावे. चढण किती वेळाची, हेही सांगावे. मग खुणा द्याव्या, आणि त्या पुढच्या वर्षीही जागेवर राहतील अशा असाव्या. "जिथे म्हैस बांधलेली असते तिथून वळा," असे लिहून कसे चालेल? म्हैस उद्या विकली जाईल. खिंड हलत नाही. ओढा हलत नाही. मोठा कातळ हलत नाही. मग पाणी कुठे आहे आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, ते सांगावे. धोक्याची जागा कोणती, रात्री निवारा कुठे, तेही सांगावे.

गडाचे भागही नीट ओळखता आले पाहिजेत. सगळ्यात उंच आणि शेवटचा बंदोबस्ताचा भाग म्हणजे बालेकिल्ला. त्याच्या खाली डोंगराला जी सपाट जागा सुटते, ती माची. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. मध्ये उंच बालेकिल्ला आहे. रायगडाच्या आधी शिवाजी महाराजांची राजधानी याच गडावर होती.

रायगडाचा महादरवाजा बघा. तो दोन मोठ्या बुरुजांच्या आड असा बांधला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूने हत्ती आणला, तरी धडक मारायला त्याला सरळ धाव घेता येऊ नये, अशी ती योजना. याच गडावर 1674 साली महाराजांचा राज्याभिषेक झाला. हे असे सांगितले, की पाहणाऱ्याला दगड बोलू लागतात. नाही तर तो वर जातो, भाकरी खातो आणि खाली येतो.

गडाखालची माणसे

आता कोणी विचारील, "गुरुजी, वाट दाखवणाऱ्या माणसाने गोष्टी कशाला लिहिल्या?"

याचे उत्तर सोपे आहे. गडावर जायचे, तर वाटेत गाव लागते. गावात माणसे भेटतात. चुलीपाशी बसले, की सुखदुःख निघते. त्या माणसांवर गोनीदांचा जीव जडला. गडाचे दगड त्यांनी एका पुस्तकात लिहिले आणि गडाखालची माणसे दुसऱ्या पुस्तकात लिहिली. त्या दुसऱ्या पुस्तकांना आपण कादंबरी म्हणतो. कादंबरी म्हणजे मोठी रचलेली गोष्ट. गोष्ट रचलेली असते, पण तिच्यातली माती खरी असते.

'माचीवरला बुधा' ही राजमाचीची गोष्ट आहे. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. त्यांच्या पायाशी माचीवर वस्ती आहे. बुधा हा म्हातारा माणूस मुंबईला राहिलेला. पण त्याचा जीव तिथे रमत नाही. तो आपल्या माचीवर परत येतो. झाडे, पाखरे आणि जनावरे हीच त्याची सोबत होते.

'पवनाकाठचा धोंडी' ही पवन मावळातली गोष्ट आहे. तुंग किल्ल्याशी पिढीजात नाते सांगणाऱ्या घरातला हा धोंडी. राज्य जाऊन शंभरावर वर्षे झाली, तरी गडाचा मान त्याच्या मनातून गेलेला नाही. या कादंबरीवर 1966 साली चित्रपट निघाला.

'जैत रे जैत' ही ठाकरांची गोष्ट आहे. जैत म्हणजे जीत, विजय. लिंगोबाच्या डोंगरावर कड्याला मधमाश्यांची पोळी लागलेली असतात. भगताचा पोरगा नाग्या आणि त्याची चिंधी यांची ही कथा आहे. 1977 साली जब्बार पटेल यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात मोहन आगाशे नाग्या झाले आणि स्मिता पाटील चिंधी झाल्या. ना. धों. महानोर यांनी गाणी लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी चाली लावल्या. ती गाणी आजही लोक गुणगुणतात.

'पडघवली' कोकणातली आहे. अंबू नावाची बाई आपल्या गावाची हकिगत सांगते. माणसे पोटासाठी गाव सोडून जातात आणि भरलेले गाव ओस पडत जाते. हे आपल्याला नवीन आहे का? 'शितू' हीसुद्धा कोकणातली. लहानपणीच विधवा झालेल्या मुलीला लोक अपशकुनी ठरवतात. तिचे दुःख या पुस्तकात आहे.

आणि 'पूर्णामायची लेकरं' ही त्यांच्या स्वतःच्या वऱ्हाडातली. तिच्यात वऱ्हाडी बोली आहे. कोकणातला माणूस कोकणासारखा बोलतो आणि मावळातला मावळासारखा. आपली बोली गावंढळ आहे, ती पुस्तकात शोभणार नाही, असे आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटते. गोनीदांना तसे वाटले नाही. ज्या मुलखातली गोष्ट, त्या मुलखाची बोली त्यांनी मानाने छापली.

संतांवरही त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'मोगरा फुलला' ज्ञानेश्वरांवर आणि 'तुका आकाशाएवढा' तुकोबांवर आहे. शिवाजी महाराजांच्या काळावरही लिहिल्या. गडांवर इतके हिंडलेला माणूस लढाईचे वर्णन करतो, तेव्हा दरी आणि कडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

मान मिळाला

आपल्या आयुष्याची हकिगत गोनीदांनी 'स्मरणगाथा' या पुस्तकात सांगितली. त्या पुस्तकाला 1976 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1981 साली अकोल्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष गोनीदा झाले. विचार करा, बारा-तेरा वर्षांचा जो पोर सातवीतून शाळा सोडून वऱ्हाडातून निघाला, तो त्याच वऱ्हाडात मराठी लेखकांच्या मेळाव्याचा प्रमुख म्हणून परत आला.

1 जून 1998 रोजी गोनीदा गेले. त्यांची कन्या वीणा देव यांनीही त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे लेखन लोकांना वाचून दाखवले. 2024 साली त्याही गेल्या.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यात रायगड आहे, राजगड आहे, लोहगड आहे. 11 किल्ले महाराष्ट्रातले आणि एक जिंजी तमिळनाडूमधला. आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या मुलखात किल्ले शेकडो आहेत. 12 सोडून बाकीच्यांचे काय? त्यांच्या वाटा आणि पाणी, त्यांच्या गोष्टी कोण लिहून ठेवणार?

आपण काय करावे?

वाचकहो, हे पुस्तक हाती धरून तुम्ही वाचीत आहात. म्हणजे तुम्हाला अक्षर आले. आता ते अक्षर कामाला लावा. मोठे पुस्तक लिहा, असे आम्ही म्हणत नाही. एक पान लिहा.

तुमच्या गावच्या डोंगराचे पान लिहा. वाट कोणती? खूण कोणती? पाणी कुठे? कोणत्या झऱ्याला चैत्रातही पाणी असते? कोणत्या जागी पावसाळ्यात जाऊ नये? देवराई कोणत्या देवाची? तिची कथा काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती जिवंत आहेत तोवर विचारा. त्यांच्याच बोलीत लिहा आणि खाली तारीख घाला. शाळेत नाही तर ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवा.

आता आमच्या त्या टाक्याचे काय झाले, ते सांगून संपवतो. मुलगी भोवळ येऊन पडली, त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही धनगरवाड्यात गेलो. म्हातारबाबांच्या सूनबाईंना ते टाके ठाऊक होते. चाऱ्याला जाताना त्या तिथेच पाणी पीत. त्यांनी सांगितले, आम्ही लिहिले. तो कागद आम्ही शाळेच्या भिंतीवर लावला.

पुढे त्या बाई रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. वर्षभराने एके दिवशी त्या कागदापाशी उभ्या राहिल्या. एकेक अक्षर जुळवत त्यांनी सगळा कागद वाचला. मग हसून म्हणाल्या, "गुर्जी, हितं चुकलंय. टाक्यावर उंबर न्हाई. पायर हाय."

आम्ही त्यांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी 'उंबर' खोडले आणि वर वाकड्यातिकड्या अक्षरात 'पायर' लिहिले. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.